लूमशेडमधला २.४ इंची डिस्प्ले : सोलापूरच्या एका हँडहेल्डचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याला लूम (यंत्रमाग) बंद पडण्याची नोंद ठेवायची होती. जॉबर (लूम सांभाळणारा मिस्त्री) फेरी मारत असताना कुठली लूम थांबली आणि कशामुळे थांबली, हे तिथल्या तिथे टिपलं जावं, एवढंच मागणं. ताणा (उभा धागा) तुटला, बाणा (आडवा धागा) तुटला, पाइल बीम (टॉवेलच्या फुग्यांच्या धाग्याचा रूळ) संपला, ग्राउंड बीम (मूळ कापडाच्या धाग्याचा रूळ) संपला, यांत्रिक बिघाड, वीज गेली अशी सहा कारणं. वहीत हे सगळं पाळी संपताना आठवून लिहिलं जायचं, म्हणून वेळा खऱ्या नसायच्या. मोबाईल देऊन पाहण्याचा विचार मालकांनीच बाजूला ठेवला. तेलकट बोटांना आणि रुईच्या थराला टचस्क्रीन नीट दाद देत नाही, आणि पाळीत मोबाईल हातात असला की तो नोंदीपुरता राहत नाही.

ठरलं ते असं : रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू हा एका बोर्डावरचा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), तीन बटणं, एक छोटा रंगीत डिस्प्ले आणि १८६५० या लिथियम सेलची बॅटरी. हा पाय ६५ × ३० मिमीचा आहे, चार कोर, ५१२ एमबी रॅम, वायफाय बोर्डावरच. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आला. या कामाला तो गरजेपेक्षा थोडा जास्तच आहे, पण मराठी आणि तेलुगू अक्षरं नीट मांडायची तर मायक्रोकंट्रोलरवर फार झगडावं लागतं. सोलापूरच्या यंत्रमागावरचे बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे दोन्ही लिप्या हव्यातच होत्या. बोर्डाची निवड या एका मुद्द्यावर झाली.

डिस्प्ले कोणता

आधी १.८ इंची, १२८ × १६० पिक्सेलचा, एसटी ७७३५ कंट्रोलरचा (कंट्रोलर म्हणजे काच चालवणारी चिप) डिस्प्ले आणला होता. स्वस्त आणि सुटसुटीत. पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, आणि तेलुगूत जोडाक्षरातला दुसरा वर्ण सरळ खाली लटकतो. २४ पिक्सेलच्या अक्षराला ओळीची उंची ४० धरली नाही तर खालचे भाग कापले जातात. १६० पिक्सेलमध्ये अशा चारच ओळी बसतात, आणि १२८ च्या रुंदीत सात-आठ अक्षरांपलीकडे काही मावत नाही. सहा कारणांची यादी त्यावर येणं शक्य नव्हतं.

म्हणून २.४ इंची, २४० × ३२० चा, आयएलआय ९३४१ कंट्रोलरचा लाल बोर्डाचा मॉड्यूल घेतला. उभा धरला की ४० पिक्सेलच्या बरोबर आठ पट्ट्या होतात : वर लूम नंबर, मधे सहा कारणं, खाली बॅटरी आणि वायफाय. या काचेवर इंचाला साधारण १६७ पिक्सेल बसतात, म्हणजे २४ पिक्सेलचं अक्षर साडेतीन मिमीच्या थोडं वर जातं. हातभर अंतरावरून ट्यूबलाइटच्या उजेडात ते आरामात वाचता येतं. उन्हात नाही, पण शेडमध्ये ऊन कुठून येणार.

मॉड्यूलवर टचची एक्सपीटी २०४६ ही चिप आणि मागे एसडी कार्डाचा खाचाही असतो. दोन्ही मोकळे सोडले.

जोडणी

पाय झिरोला पिनांची पट्टी लावलेली नसते, नुसती भोकं असतात. पट्टी सोल्डर करून जंपर वायरी खोचणं टेबलावर ठीक, हातात वागवायच्या यंत्रात नाही. तरी पहिली चाचणी जंपरवरच झाली, आणि पुढचा अर्धा गोंधळ तिथूनच आला. शेवटी कायम ठेवलेली जोडणी अशी (पिन म्हणजे पट्टीवरचा क्रमांक, जीपीआयओ म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायचा त्याच पिनेचा क्रमांक) :

- मॉड्यूलचा व्हीसीसी (वीज) : पिन १७ (३.३ व्होल्ट)
- ग्राउंड : पिन २०
- सीएस (डिस्प्लेची निवड) : पिन २४ (जीपीआयओ ८)
- रिसेट : पिन १८ (जीपीआयओ २४)
- डीसी (आज्ञा की माहिती) : पिन २२ (जीपीआयओ २५)
- एसडीआय (डिस्प्लेकडे जाणारा डेटा) : पिन १९ (जीपीआयओ १०)
- एससीके (क्लॉक) : पिन २३ (जीपीआयओ ११)
- एसडीओ (डिस्प्लेकडून येणारा डेटा) : पिन २१ (जीपीआयओ ९)
- एलईडी (बॅकलाइट) : पिन १२ (जीपीआयओ १८)

यातल्या तीन पिना मुद्दाम निवडल्या आहेत. पाय सुरू होताना जीपीआयओ ९ ते २७ आतून खाली (शून्य व्होल्टकडे) ओढलेले असतात आणि ० ते ८ वर (३.३ व्होल्टकडे). त्यामुळे जीपीआयओ १८ वरचा बॅकलाइट प्रोग्राम चालू होईपर्यंत बंद राहतो, जीपीआयओ २४ वरचा रिसेट डिस्प्लेला झोपवून ठेवतो, आणि सीएस आपोआप 'निवडलेला नाही' या स्थितीत असतो. बूट होईपर्यंत पांढरा भगभगीत चौकोन दिसत नाही. हे मिळवायला एक ओळही लिहावी लागत नाही, फक्त पिना योग्य घ्याव्या लागतात.

व्हीसीसीचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. लाल बोर्डाच्या मागे जे १ असं लिहिलेले दोन छोटे पॅड असतात आणि जवळच तीन पायांचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. पॅड उघडे असतील तर बोर्ड ५ व्होल्टची अपेक्षा धरतो. तसेच उघडे ठेवून ३.३ दिले तर रेग्युलेटर स्वतःचा वाटा खातो आणि कंट्रोलरला तीनच्या आसपास मिळतात. डिस्प्ले चालतो, पण कधी चालतो कधी नाही, आणि अशी 'कधी कधी'ची तक्रार सगळ्यात जास्त वेळ खाते. ३.३ वर चालवायचं तर दोन पॅडवर सोल्डरचा थेंब टाकून ते जोडायचे. एकदा जोडले की त्या बोर्डाला पुन्हा ५ व्होल्ट द्यायचे नाहीत, रेग्युलेटरला वळसा पडलेला असतो. ते विसरू नये म्हणून बोर्डाच्या कडेला मार्करने ३.३ लिहून ठेवलेलं बरं.

बॅकलाइटची पिन सरळ जीपीआयओला लावावी की नाही, याचं उत्तर बोर्डागणिक बदलतं. काही बोर्डांवर एलईडी पिनेमागे छोटा ट्रान्झिस्टर असतो, काहींवर नुसता रोध. मल्टिमीटर मिलीअँपिअरवर ठेवून एलईडी पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये लावायचा. दोन-तीन मिलीअँपिअर दिसले तर ट्रान्झिस्टर आहे, जीपीआयओ चालेल. पन्नास-साठच्या घरात आकडा आला तर सगळा प्रवाह त्याच पिनेतून जातोय, आणि पायची एक पिन जास्तीत जास्त १६ मिलीअँपिअरची. तिथे बाहेरून पीएनपी ट्रान्झिस्टर किंवा पी-चॅनल मॉस्फेट घालावा लागतो, कारण या मॉड्यूलवर बॅकलाइटची धन बाजूच बाहेर आलेली असते आणि ऋण बाजू आतच ग्राउंडला गेलेली असते. बीसी ५४७ सारखा साधा ट्रान्झिस्टर ग्राउंडच्या बाजूला लावण्याची नेहमीची युक्ती इथे जमत नाही. या प्रकरणातल्या बोर्डावर ट्रान्झिस्टर होता.

पांढरा पडदा

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा स्क्रीन नुसती पांढरी. दुसऱ्या दिवशी ती तशीच शेडमध्ये नेल्यावर जॉबरने हातात घेऊन सांगितलं, "साहेब, नुस्तं पांढरंच दिसायलंय." मॉड्यूल खराब समजून परत पाठवायची तयारी झाली होती. घाई होती ती.

पांढरी स्क्रीन एवढंच सांगते की बॅकलाइट पेटला आहे. ही काच आज्ञा मिळेपर्यंत उजेड आरपार सोडते, म्हणून कंट्रोलर जागा नसला की पांढरी दिसते. काळी स्क्रीन दिसली तर शोध बॅकलाइटपासून करावा, पांढरी दिसली तर बॅकलाइट सोडून बाकी सगळ्यापासून. आणि बाकी सगळं तपासायचा क्रम असा : मॉड्यूलवरच्या व्हीसीसी-ग्राउंडमध्ये व्होल्ट, मग पायवर एसपीआय (डिस्प्लेला डेटा पाठवायची तारांची पद्धत) चालू केलेलं आहे का, मग रिसेट, मग डीसी, आणि सगळ्यात शेवटी डेटा आणि क्लॉक.

व्होल्ट ३.२९ होते. एसपीआय सेटिंगमध्ये चालू होतं, डिव्हाइसच्या यादीत दिसत होतं. रिसेट पिन प्रोग्राम चालू झाल्यावर वर जात होती. दोष डीसीत निघाला. प्रोग्राममध्ये डीसी २५ असं लिहिलेलं, आणि वायर पट्टीवर मोजून पंचविसाव्या पिनेवर लावलेली. पंचविसावी पिन म्हणजे ग्राउंड. जीपीआयओ २५ बावीसाव्या पिनेवर असतो. आकड्यांचा हा घोळ पायवर नेहमीचाच : जीपीआयओ १८ बाराव्या पिनेवर, आणि अठराव्या पिनेवर जीपीआयओ २४.

डीसी खाली असली की कंट्रोलर येणारा प्रत्येक बाइट आज्ञा समजतो. वर असली की माहिती समजतो. ती कायम ग्राउंडला असल्याने रंगाचे सगळे बाइट त्याला आज्ञा वाटत होते. त्यातल्या बहुतेक आज्ञांना अर्थ नाही, ज्यांना आहे त्या भलत्याच. यातून काही बिघडत नाही, फक्त चित्र येत नाही. वायर तीन पिना सरकवली आणि स्क्रीन काळी होऊन रंग आले.

सुरुवातीच्या आज्ञांतली वेळही पाळायला हवी. रिसेट किमान १० मायक्रोसेकंद खाली, मग वर घेऊन १२० मिलीसेकंद थांबा, मग झोपेतून उठवायची आज्ञा (षोडशमान, म्हणजे हेक्स, ११), पुन्हा १२० मिलीसेकंद, आणि त्यानंतर पिक्सेलचा प्रकार, दिशा, डिस्प्ले चालू. थांबे गाळले तरी टेबलावर चालून जातं. गार बोर्ड सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मात्र दगा देतं.

रंग उलटे

चित्र आलं पण लाल पट्टी निळी. इंटरनेटवर यावर एकच उपाय सांगतात : दिशेच्या आज्ञेतला (षोडशमान ३६) लाल-निळ्याचा क्रम ठरवणारा बीजीआरचा बिट बदला. तो बदलल्यावर रंग सुधारले नाहीत, वेगळेच बिघडले. कारण लाल निळा दिसण्याची कारणं दोन आहेत आणि नुसत्या लाल पट्टीवरून ती वेगळी करता येत नाहीत.

या डिस्प्लेला प्रत्येक पिक्सेल १६ बिटांत जातो : लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. वरचा बाइट आधी जायला हवा. पायवर पायथॉन भाषेतल्या नमपाय लायब्ररीने तयार केलेल्या १६ बिटी आकड्यात खालचा बाइट आधी असतो, तसाच पाठवला तर बाइट उलटतात. शुद्ध लाल उलटला की त्याचे बिट बहुतांशी निळ्याच्या जागी पडतात. शुद्ध निळा हिरव्याच्या जागी जातो. आणि हिरवा लालच्या जागी. बीजीआर बिट चुकला असेल तर लाल-निळा अदलाबदल होते, पण हिरवा हिरवाच राहतो.

म्हणजे तपासायची ती हिरवी पट्टी. हिरवी नीट आणि लाल-निळी उलटी : बीजीआर बिट. हिरवी लाल झालेली : बाइटचा क्रम. लालचा आकाशी, हिरव्याचा जांभळट गुलाबी, पांढऱ्याचा काळा झालेला : डिस्प्ले निगेटिव्ह मोडमध्ये आहे, षोडशमान २० किंवा २१ ची आज्ञा पाहावी. पांढरी आणि काळी पट्टी पहिल्या दोन दोषांत बरोबरच दिसते, त्यामुळे काळ्यावर पांढरी अक्षरं लिहून चाचणी घेणाऱ्याला हा दोष कळतच नाही. पहिलं चाचणी-चित्र कायम पाच पट्ट्यांचं ठेवावं : लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी. इथे दोष बाइटच्या क्रमाचा होता. बीजीआर बिट पुन्हा पहिल्या जागी आणला, बाइट उलटवले, काम झालं.

चित्र तिरकं फाटल्यासारखं आणि कणाकणांनी रंगलेलं दिसत असेल, तर पिक्सेलचा प्रकार (षोडशमान ३ए ची आज्ञा) ५५ वर नाही. तो न सांगितल्यास कंट्रोलर १८ बिट धरून बसतो आणि दोन बाइटांऐवजी तीन मोजतो.

टेबलावर चालतं, हातात चालत नाही

खरं काम इथून पुढे. यूएसबी अडॅप्टरवर डिस्प्ले तासन्‌तास नीट चालला. बॅटरीवर घेतला की अधूनमधून आडव्या रेघा, कधी अर्धं चित्र सरकलेलं, आणि शेडमध्ये नेल्यावर पाय स्वतःच रिस्टार्ट. दोन तक्रारी एकत्र आल्यामुळे कारण एकच असेल असं वाटणं साहजिक होतं. ती दोन वेगळी कारणं होती.

रेघांचं कारण वेग आणि वायर. प्रोग्राममध्ये एसपीआयचा वेग ३२ मेगाहर्ट्झ मागितला होता. पाय हा वेग गाभ्याच्या ४०० मेगाहर्ट्झला सम आकड्याने भागून काढतो, म्हणून ३२ मागितले तरी ४०० भागिले १४, म्हणजे २८.६ मिळतात. कंट्रोलरच्या माहितीपत्रकात लिहिण्याची हमी १० मेगाहर्ट्झपर्यंतचीच आहे. त्यापुढे चालणं ही त्याची भलाई, आणि बहुतेक बोर्ड ती दाखवतातही. पण २० सेंटिमीटरच्या जंपर वायरी एकमेकींना चिकटून गेलेल्या, ग्राउंडची एकच बारीक वायर आणि शेजारून बॅटरीचे व्होल्ट वाढवणारा स्विचिंग बूस्टर, एवढं सगळं जमल्यावर क्लॉकच्या कडेवर एखादा जादा ठोका उमटतो. तिथून पुढचे सगळे बिट एकाने सरकतात. चित्र मधूनच रंग बदलून पुढे जातं ते यामुळे.

दुरुस्ती : जंपर काढून सात सेंटिमीटरच्या वायरी सरळ सोल्डर केल्या. एससीकेच्या वायरीला ग्राउंडची वेगळी वायर पिळून घेतली. पायच्या टोकाला एससीकेमध्ये ३३ ओहमचा रोध घातला. मॉड्यूलच्या व्हीसीसी-ग्राउंडवर १० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन कपॅसिटर. आणि वेग १६ वर आणला, प्रत्यक्षात तो २६ ने भागून १५.४ होतो.

वेग अर्धा केल्याने काय गमावलं? एक पूर्ण चित्र १,५३,६०० बाइटचं. १५.४ मेगाहर्ट्झला ते पाठवायला ८० मिलीसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. व्हिडिओला कमी, यादीला भरपूर. शिवाय पूर्ण चित्र पाठवायचं कारणच नाही. बटण दाबल्यावर दोन पट्ट्या बदलतात, जुनी निवड आणि नवी निवड. एक पट्टी २४० × ४० ची, १९,२०० बाइटची, दहा मिलीसेकंदांत जाते. स्क्रीन हळू वाटली की वेग वाढवायला धावणाऱ्यांनी आधी आपण किती फुकटचं पाठवतोय ते मोजावं. पायथॉनमधून एसपीआयला एका वेळी ४,०९६ बाइटच जातात हेही लक्षात ठेवायचं. न बदललेल्या मूळ सेटिंगवर त्याहून मोठा तुकडा दिला की तो नाकारला जातो, त्यामुळे तुकडे पाडूनच पाठवावं.

रिस्टार्टचं मूळ

बॅटरीची साखळी अशी होती : १८६५० सेल, टीपी ४०५६ चा संरक्षण असलेला चार्जर बोर्ड, त्यापुढे एमटी ३६०८ बूस्टर, तिथून पायला ५ व्होल्ट. बूस्टर बोर्डावरचा पितळी स्क्रू नव्या बोर्डावर कुठेही असू शकतो. पाय न जोडता आधी मीटर लावून तो ५.१ वर आणायचा. उलट्या दिशेने बरेच आटे फिरवेपर्यंत आकडा हलतच नाही, म्हणून स्क्रू बिघडलाय असं समजू नये. आणि न मोजता पाय जोडला तर तो गेलाच, हा बोर्ड २८ व्होल्टपर्यंत चढतो.

मोठ्या पायवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि लॉगमध्ये नोंद होते. झिरोच्या मालिकेत ती यंत्रणाच नाही. लॉग स्वच्छ दिसला म्हणून वीज ठीक, असा निष्कर्ष झिरोवर काढता येत नाही. इथे तोच काढला गेला होता, आणि सॉफ्टवेअरमध्ये शोध सुरू होता.

मीटर लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. मीटरची एक सुई सेलच्या टोपीवर आणि दुसरी होल्डरच्या वायरीच्या टोकाला, जिथे ती चार्जर बोर्डाला सोल्डर होते. मधे आहे तरी काय? एक स्प्रिंग, एक रिव्हेट आणि दहा सेंटिमीटर बारीक वायर. इथे शून्य दिसायला हवं. वायफाय चालू आणि बॅकलाइट पूर्ण असताना पाव व्होल्टच्या आसपास पडत होते. ऋण बाजूला जवळपास तेवढेच. हिशेब सोपा आहे : पायला ५ व्होल्टवर ०.६ अँपिअर लागले तर बूस्टरचा तोटा धरून ३.३ व्होल्टच्या सेलमधून एक अँपिअरहून जास्त ओढले जातात. सेल उतरत गेला की व्होल्टेज कमी, म्हणून प्रवाह आणखी जास्त, म्हणून होल्डरमधली घट आणखी जास्त. बूस्टर खालून कोसळतो आणि ५ व्होल्ट क्षणभर ४.५ च्या खाली. वायफायने पॅकेट पाठवताना नेमकं हे घडतं, आणि शेडमध्ये राउटर लांब असल्याने पाय जोर लावून आणि पुन्हा पुन्हा पाठवत होता. टेबलावर राउटर शेजारी होता, तिथे हे दिसलं नाही.

स्प्रिंगचा होल्डर काढून निकेलच्या पट्ट्या वेल्ड केलेले सेल घेतले. अशा पट्ट्या मारून देणारे बॅटरीवाले शहरात सापडतात. सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही. वायर अर्धा चौरस मिमीची घेतली, बूस्टरच्या बाहेर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला. बॅकलाइट पीडब्ल्यूएमने (झपाट्याने चालू-बंद करून) निम्म्यावर आणला, दहा सेकंद बटण दाबलं नाही तर बंद. शेडमधल्या उजेडाला निम्मा पुरतो.

सेल एक की दोन? २,६०० मिलीअँपिअर-तासाचा एक सेल म्हणजे ९.६ वॅट-तास, बूस्टरमधून ८ च्या आसपास हाती येतात. दीड वॅट सरासरी धरली तर पाच-साडेपाच तास. आठ तासांची पाळी निघत नाही. एकाच जातीचे, एकाच व्होल्टेजवर आणलेले दोन सेल समांतर जोडले की दहा तासांवर जातं.

टीपी ४०५६ बद्दल एक इशारा. चार्जिंग चालू असताना यंत्रही चालू ठेवलं तर हा चार्जर कधी थांबायचं ते ओळखू शकत नाही, कारण प्रवाह शंभर मिलीअँपिअरखाली गेला की सेल भरला असं तो मानतो आणि पाय त्याहून जास्त ओढतच असतो. सेल तासन्‌तास ४.२ वर ताणलेला राहतो. म्हणून चार्जिंगला लावताना यंत्र बंद, असा साधा स्विच ठेवला. चार्जिंगची जागाही शेडमधून हलवून ऑफिसात नेली. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचं तापमान ४५ अंश सहज ओलांडतं, आणि त्यापुढे लिथियम सेल चार्ज करू नये.

शिफ्टची वेलांटी

वीज आणि डेटा जागेवर आल्यावर मालकांनी स्क्रीन पाहून विचारलं की 'शिफ्ट' हा शब्द असा का दिसतो. वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन फ ला चिकटली होती, आणि फ अर्धा न होता पाय मोडून उभा होता. 'बीम', 'ताणा', 'बाणा' मात्र झकास. म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं : यादीतल्या बहुतेक शब्दांत ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नाहीच.

पायथॉनची चित्रं काढणारी पिलो लायब्ररी दोन पद्धतींनी अक्षरं मांडते. साध्या पद्धतीत युनिकोडच्या क्रमाने एकेक चिन्ह ओळीत ठेवलं जातं. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, त्यामुळे ती नंतरच उमटते. जोडाक्षरं आणि वेलांटीची जागा सांभाळायला राक्म नावाची लायब्ररी लागते. ती सिस्टिमवर आहे का ते पिलोच्या फीचर तपासणीतून कळतं. नसेल तर पिलो गुपचूप साध्या पद्धतीवर जाते, चूक दाखवत नाही. राक्म घातल्यावर मराठी आणि तेलुगू दोन्ही सुधारलं. फाँट नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स तेलुगू, जाड वजनाचे, कारण बारीक रेषा या काचेवर तुटक दिसतात. चाचणीचे शब्द म्हणून 'शिफ्ट', 'दुरुस्ती', 'यांत्रिक' हे तिन्ही ठेवले.

डबी

डबी पीईटीजी प्लॅस्टिकची, थ्रीडी प्रिंटरवर छापली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो वाकडा होतो. काचेपुढे २ मिमी ॲक्रिलिक आणि कडेने फोमची टेप, नाहीतर रुई आठवड्याभरात काचेखाली शिरते. मॉड्यूलचे चार स्क्रू जेमतेम टेकवायचे. आवळले की काच वाकते आणि कोपऱ्यात काळसर डाग दिसतो.

ही काच एका बाजूने पाहिली तर रंग उलटतात. डबी बनवण्याआधी मॉड्यूल दोन्ही दिशांनी हातात धरून पाहावा आणि जी बाजू खालून बघताना साफ दिसते ती जॉबरकडे ठेवावी. चित्र फिरवणं प्रोग्राममध्ये एका बिटाचं काम आहे, काच फिरवणं नव्या डबीचं.

दुसरी खेप

पहिलं यंत्र रुळल्यावर आणखी मॉड्यूल मागवले. तोच लाल बोर्ड, पिनांवर तीच अक्षरं, दुकानाच्या पानावर तेच नाव. त्यातल्या काहींवर तोच प्रोग्राम घातला तर चित्र निगेटिव्ह आणि आरशातलं. आत कंट्रोलर एसटी ७७८९ निघाला. पिना आणि पिक्सेल सारखेच असल्याने विकणाऱ्याला फरक पडत नाही.

एसडीओची वायर जोडून ठेवल्याचा उपयोग इथे झाला. बऱ्याच आकृत्यांत ती गाळलेली असते. षोडशमान डी३ ही आज्ञा देऊन चार बाइट वाचायचे, पहिला टाकाऊ. आयएलआय ९३४१ असेल तर पुढचे ००, ९३, ४१ असे येतात. वाचताना वेग १ मेगाहर्ट्झवर आणायचा, वाचण्याची मर्यादा लिहिण्याहून कमी असते. आता प्रोग्राम सुरू होताना आधी हे वाचतो आणि त्याप्रमाणे सुरुवातीच्या आज्ञांचा संच निवडतो. ९३-४१ आलं नाही तर एसटी ७७८९ चा संच. सगळे बाइट ०० किंवा सगळे एफएफ आले तर तो कुठलाच संच निवडत नाही, बॅकलाइट तीनदा लुकलुकवतो. त्याचा अर्थ एसडीओचं सोल्डर सुटलं आहे, डबी उघडायची.